पॅरिस : नावाजलेल्या रेस्टॉरंटांच्या गल्लीत अपार्टमेंट घ्यावं का?

कोकमसरबत
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या मध्यात आम्ही चौघं आठवडाभर पॅरिसला जातोय. मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा अपार्टमेंट परवडतंय. शिवाय सासूबाईंना उठल्या उठल्या आल्याचा चहा लागतो, तोही स्वतःच्या हातचा.

चाळून चाळून दोन घरं उरलीत.

पहिलं अकराव्या विभागात, र्यू द शारोनच्या जवळ. चौथा मजला, लिफ्ट आहे. जाहिरातीची पहिलीच ओळ : सेप्तीम आणि क्लामातो तीन मिनिटांवर, बिस्त्रो पोल बेरला चालत जाता येतं. नवरा तिथेच विरघळला.

दुसरं दहाव्या विभागात, गार द नॉर स्टेशन आणि ला शापेल वस्तीच्या मधे. दुसरा मजला, स्वयंपाकघर मोठं, भाडं बरंच कमी. जाहिरातीत रेस्टॉरंटचा उल्लेखसुद्धा नाही.

नवरा म्हणतो, खायलाच चाललोय तर खाण्याच्या गल्लीत राहू. मी म्हणते, असल्या ठिकाणी आपण जाणार एकदा, फार तर दोनदा, त्यासाठी रोज जास्त भाडं कशाला भरायचं? सासूबाई शाकाहारी आहेत (केकमधलं अंडं चालतं, ताटात दिसलेलं चालत नाही). जाणकारांनी प्रकाश टाका.

निम्मीभाकर
भाड्याचं नंतर बोलू, आधी तारखांचं बघा. ऑगस्टमधे पॅरिसचे आचारीच गावाला गेलेले असतात. मालक स्वतः राबतो अशी छोटी रेस्टॉरंटं दोन-तीन आठवडे सरळ शटर ओढतात आणि काचेवर 'काँजे आन्युएल'चा (वार्षिक सुट्टीचा) कागद चिकटवतात. सॅं लुई बेटावरचं बेर्तियों तर आइस्क्रीमचं दुकान, तरी ऐन उन्हाळ्यात, जुलैअखेरपासून ऑगस्टभर बंद. १५ ऑगस्टची सुट्टी तिकडेही असते, मेरीच्या स्वर्गारोहणाची. त्या दिवशी आणखी सामसूम.

तेव्हा ज्या तीन नावांसाठी जास्त भाडं भरताय, ती तुमच्या आठवड्यात उघडी आहेत का हे त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. नसतील तर प्रश्नच मिटला.

मुक्काम_पोस्ट
मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूचा. लोक विसरतात की रात्रीचं जेवण तिकडे साडेसात-आठला सुरू होतं आणि अकरापर्यंत चालतं. त्यानंतर मेट्रोचे जिने, गाडी बदलणं, पेंगणारी मुलगी. जेवण झाल्यावर चालत घरी येण्यात जी मजा आहे ती मेट्रोच्या बोगद्यात नाही.

आणि क्लामातो हे सेप्तीमवाल्यांचंच मासळीचं ठिकाण, तिथे आरक्षण घेत नाहीत. अशा जागेला जवळ राहण्याचा रोकडा फायदा आहे. उघडायच्या वेळेला जाऊन उभं राहायचं, गर्दी दिसली तर घरी परत, तासाभराने पुन्हा चक्कर. लांबून आलेल्याला हे जमत नाही, तो ताटकळत राहतो.

अर्धाचहा
कोकमताई, जवळ म्हणजे किती जवळ ते विचारा. आम्ही एकदा अशाच खाण्याच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर उतरलो होतो, खाली एका बारच्या खुर्च्या. माणसांचं बोलणं एक वेळ सोसतं, हसणं-खिदळणंही. पण बंद करताना रिकाम्या बाटल्या डब्यात ओतायचे, तो खळ्ळकन् आवाज, आणि मग लोखंडी खुर्च्या फरशीवरून ओढत एकात एक रचायच्या. झोप लागते न लागते तोच सकाळी काचेचा डबा न्यायला गाडी हजर. मालकाला लिहिलं तर उत्तर आलं, "पण जागा मोक्याची आहे ना!"

कुंपणावरची
ऑगस्टमधे तर दुप्पट त्रास. पॅरिसच्या जुन्या घरांत एसी सहसा नसतोच. खिडकी लावली की उकडतं, उघडली की गल्ली घरात. वरचा मजला आणि डोक्यावर जस्ताचं छप्पर असेल तर विचारूच नका. छायाचित्रात ती राखाडी छपरं फार देखणी दिसतात, ती बसवणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत मानही मिळाला, पण दिवसभर तापल्यावर त्याखाली झोपून बघा. २५ जुलै २०१९ ला पॅरिसचा पारा ४२.६ अंशांवर गेला होता. घरात पंखा आहे का, हा प्रश्न लिफ्टच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा.

तळमजला
बरीच वर्षं इथे राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेप्तीमसारख्या रेस्टॉरंटांना तारे देणारी मिशलँ ही मुळात टायरची कंपनी. १९०० मध्ये त्यांनी मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढलं, तारे १९२६ पासून आले. एक तारा म्हणजे वाटेत थांबण्याजोगं, दोन म्हणजे वाट वाकडी करण्याजोगं, तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करण्याजोगं. म्हणजे ताऱ्याचा हिशेबच मुळी दुरून येणाऱ्याचा आहे. तुम्ही तीन मिनिटांवर राहता की तीस, सेप्तीमला काही फरक पडत नाही. तिथे तीन आठवडे आधी, पॅरिसच्या सकाळी १० ला तारीख उघडते आणि बघता बघता संपते. उन्हाळ्यात ती भारतातली दुपारी दीडची वेळ. ज्याची बोटं चालली तो आत. शेजारी म्हणून कुणी ओळख दाखवत नाही. शिवाय शनिवार-रविवार ते बंद असतं.

मग जवळ राहण्याचा फायदा कशाचा? ज्या गोष्टी रोज लागतात आणि ज्यांची वेळ चुकली की मजा जाते, त्यांचा. सकाळचा पाव, बाजार, आणि आरक्षण न घेणारी जागा. क्लामातोबद्दल मुक्काम_पोस्ट यांच्याशी पूर्ण सहमत. पण अकराव्या विभागातल्या त्या घराची खरी किंमत मला विचाराल तर सेप्तीममुळे नाही, मार्शे दालिग्रमुळे, म्हणजे आलिग्रच्या बाजारामुळे आहे. र्यू द शारोनवरून दहा-पंधरा मिनिटं चाललात की बाराव्या विभागात हा बाजार लागतो. सोमवार सोडून रोज सकाळी. बाहेर रस्त्यावर भाजी-फळांचे गाडे, आरडाओरडा आपल्या मंडईसारखाच. आत छपराखाली चीज, मांस, मासळी. एका कडेला जुन्यापान्या वस्तू मांडलेल्या असतात, तिथे लेक रमेल. दीडच्या सुमाराला गाडे आवरायला लागतात तेव्हा जर्दाळू, पीच वगैरे पेटीच्या पेटी उतरत्या भावात ओरडून विकतात. ऑगस्टमधली ती फळं कुठल्याही रेस्टॉरंटच्या गोडापेक्षा मला जास्त आवडतात, हे माझं वैयक्तिक मत. बास्तीयचा बाजार गुरुवारी आणि रविवारी, तोही तिथून जवळ.

आता घराबद्दल.

एक, जाहिरातीत 'सूर र्यू' आहे की 'सूर कूर' ते बघा. पहिल्याच्या खिडक्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या आतल्या चौकात. खाण्याच्या गल्लीत राहायचंच असेल तर चौकाकडचं घर घ्या. उजेड कमी मिळेल, झोप मिळेल. रस्त्यावर मांडलेल्या उन्हाळी टेबलांना (१ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर) रात्री १० ला आवरायचा नियम आहे, पण तो फक्त त्या जादा टेबलांना. कायमच्या टेरेसचं (रेस्टॉरंटच्या दारातल्या नेहमीच्या टेबलांचं) आणि दारात सिगरेट ओढत उभ्या माणसांचं काय?

दोन, 'लिफ्ट आहे' यावर विसंबू नका. जुन्या इमारतींत ती जिन्याच्या मधल्या पोकळीत मागाहून घुसवलेली असते. दोन माणसं मावतात, किंवा एक माणूस आणि एक बॅग. कधी ती दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते, कधी मुळात अर्धा जिना चढून मग सुरू होते. मालकाकडून लिफ्टच्या दाराचा आणि तिथवरच्या पायऱ्यांचा फोटो मागवा.

तीन, घराला पालिकेचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा, तो जाहिरातीत दिसतो. स्वतःचं राहतं घर पर्यटकांना देण्याची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून वर्षाला १२० वरून ९० रात्रींवर आणलीय. क्रमांक नसलेलं घर ऐनवेळी रद्द होण्याचा धोका तुमच्या माथी. यातली चांगली बाजू अशी की ऑगस्टमधे पॅरिसकर स्वतः सुट्टीवर जातात आणि राहतं घर देतात. अशा घरात सुरी धारदार असते, कढई असते, मीठ-तेलही असतं. फक्त भाड्याने देण्यासाठी सजवलेल्या घरात वाइनचे सहा ग्लास आणि एकच पातेलं.

कोकमसरबत
बापरे, तळमजलाभाऊ, केवढं लिहिलंत! दोन्ही मालकांना आत्ताच विचारते. लिफ्टचं डोक्यातच आलं नव्हतं, सासूबाईंचे गुडघे दुखतात.

नवऱ्याने धागा वाचला. म्हणे, "बाजारात जाऊन भाजी आणायला मी पॅरिसला जायचं का?" तारखा सरकत नाहीत, रजा त्याच आठवड्यात मंजूर झालीय.

चकलीचा_साचा
नवऱ्याला म्हणावं, भाजी नको आणूस, चीज आण. सासूबाईंना कुणी विचारलं का पण? सगळे त्यांच्या नावाने भांडतायत.

जिरेमोहरी
सासूबाईंच्या बाजूने मी बोलते, माझी आई अगदी अशीच आहे.

पारंपरिक बिस्त्रोत (छोट्या घरगुती रेस्टॉरंटात) शाकाहारी माणसाची पंचाईत पदार्थांच्या नावात नसते, आत लपलेल्या गोष्टींत असते. कांद्याचं सूप दिसायला निरुपद्रवी, पण ते बहुतेकदा बीफच्या स्टॉकमधे करतात. सॅलडवर बेकनचे तुकडे. चीज म्हणावं तर कॉन्ते, रोकफोरसारख्या परंपरागत चीजांत जनावराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं. तुमच्याकडे ते चालतं की नाही हे आधीच ठरवून टाका, जेवणाच्या टेबलावर वाद नको. पोल बेर हे स्टेक आणि भल्यामोठ्या पारी-ब्रेस्त या गोड पेस्ट्रीसाठी प्रसिद्ध. सासूबाईंना तिथे नेलंत तर त्यांचं जेवण म्हणजे पाव, लोणी आणि गोड. अर्थात ते गोड असं असतं की आईने तक्रार केली नसती.

शाकाहारासाठी सगळ्यात मोठं नाव सातव्या विभागातलं आर्पेज. १९९६ पासून तीन तारे, आचारी आलँ पासार. या गृहस्थाने २००१ मध्ये लाल मांस बंद केलं, तेव्हा फ्रान्समधे खळबळ उडाली होती. आणि जुलै २०२५ पासून मेनू पूर्ण वनस्पतींचा, अपवाद फक्त मधाचा. भाज्या त्यांच्या स्वतःच्या बागांमधून येतात. पण माणशी शेकडो युरो, तेव्हा ते वाचूनच आनंद मानावा. आमच्यासारख्यांसाठी मारे वस्तीतल्या र्यू दे रोझिएवरचं लास दू फलाफेल, छोल्यांच्या वड्यांचं दुकान. खिडकीतून घ्या, कागदात गुंडाळलेला पिटा, वांगं, लाल कोबी, ताहिनी (तिळाची चटणी). हातावर ओघळणारच. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी दिवसभर ज्यूंच्या साबाथमुळे बंद, त्याप्रमाणे बेत आखा.

आता मुद्द्याचं. कोकम, तुमचं दुसरं घर जिथे आहे तिथे जवळ काहीच नावाजलेलं नाही असं तुमच्या नवऱ्याला कुणी सांगितलं? ला शापेल म्हणजे पॅरिसमधलं तमिळ गाव. श्रीलंकेतून आलेली माणसं, फोबूर सॅं-दनी रस्त्याच्या वरच्या टोकाला ओळीने दुकानं. कढीपत्ता, भेंडी, तूरडाळ, नारळ, सगळं. डोशाची ठिकाणं आहेत जिथे सासूबाईंना मेनू समजावून सांगावा लागणार नाही. र्यू पाजोलवर माणिक्क विनायकर मंदिर आहे, १९८५ मध्ये सुरू झालेलं. उन्हाळ्याच्या शेवटी तिथून गणपतीचा रथ निघतो, रस्त्यावर नारळांचे ढीग रचून फोडतात, फ्रेंच लोक गॅलऱ्यांतून बघत असतात. तुमच्या आठवड्यात रथ नसेल बहुधा, तो ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला असतो. पण मंदिरात जाऊन या.

निम्मीभाकर
+१. आणि ही तमिळ दुकानं ऑगस्टमधे गावाला जात नाहीत.

मुक्काम_पोस्ट
जिरेमोहरी, सगळं मान्य, पण पॅरिसला जाऊन डोसा? एवढी तिकिटं काढून?

जिरेमोहरी
रोज नाही हो. चौथ्या दिवशी. चौथ्या दिवशी तुम्हीही याल रांगेत, लिहून ठेवा.

तळमजला
मुक्काम_पोस्ट, तो डोसाही पॅरिसचाच आहे आता. इथे दरवर्षी सर्वोत्तम 'बागेत'ची (लांबट फ्रेंच पावाची) स्पर्धा होते, १९९४ पासून. जिंकणारा वर्षभर एलिझे राजवाड्यात राष्ट्राध्यक्षांना पाव पुरवतो. २०२३ मध्ये ती जिंकली थर्शन सेल्वराजा यांनी, मूळचे श्रीलंकेचे. दुकान विसाव्या विभागात, र्यू दे पिरेनेवर. पाव घेताना नुसतं बागेत म्हणू नका, 'त्रादिस्यों' मागा. १९९३ च्या आदेशानुसार त्यात पीठ, पाणी, मीठ, यीस्ट यापलीकडे भेसळीला फारसा वाव नाही आणि करताना तो गोठवता येत नाही. रुपया-दोन रुपयांसारखा फरक आहे किमतीत, चवीत मात्र फार.

नवरोजींच्या समाधानासाठी दहाव्या विभागातलं सांगतो. सॅं-मार्तें कालव्याच्या बाजूला दु पँ ए देझीदे ही बेकरी, पिस्त्याचं गोगलगायीच्या आकाराचं जे काही करतात ते चुकवू नका. शनिवार-रविवारी बंद. आणि आरक्षण न लागणारं जेवण म्हणजे बुयों शार्तिए. मूळ जागा १८९६ ची, ग्राँ बुलवारजवळ. काळ्या जाकिटातला वेटर तुमची ऑर्डर टेबलावरच्या कागदावरच लिहितो आणि शेवटी तिथेच बेरीज करून दाखवतो. जुन्या गिऱ्हाइकांचे रुमाल ठेवायचे लाकडी खण अजून भिंतीवर आहेत. स्वयंपाक साधा, फार अपेक्षा ठेवू नका, पण दालन बघण्यासारखं आणि चौघांचं बिल अंगावर येत नाही. रांग लांब दिसते पण भराभर सरकते. गार द लेस्त स्टेशनसमोर त्यांची शाखा आहे, तुमच्या दुसऱ्या घरापासून चालत.

कुठेही बसलात तरी 'काराफ दो' मागा, नळाचं पाणी जेवणाबरोबर कायद्यानेच फुकट. नुसतं 'पाणी' म्हणालात तर बाटली येते आणि बिलात दिसते. सर्व्हिस किमतीत धरलेली असते, वेगळी टीप सक्तीची नाही. आणि जिथे मनापासून जायचंय तिथे दुपारी जा. तेच स्वयंपाकघर, दुपारचा ठरावीक मेनू रात्रीपेक्षा बराच स्वस्त. आरक्षण रद्द करायचं तर वेळेत करा, हल्ली कार्डाचा नंबर घेऊन ठेवतात आणि न गेल्यास पैसे कापतात.

अर्धाचहा
ही दुपारची युक्ती एक नंबर. एकदा दुपारी जेवायचं ठरलं की रात्री चालत घरी येण्याचा मुद्दाही निकालात निघाला.

मुक्काम_पोस्ट
निकालात नाही, अर्धा निघाला. दुपारी वाइन घेतली की मला तरी घर जवळच हवं.

कोकमसरबत
दोन्ही मालकांची उत्तरं आली.

पहिलं घर : खिडक्या रस्त्यावर, खाली वाइन बार (जाहिरातीत 'चैतन्यमय परिसर' लिहिलंय), लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे थांबते. पंखा "मागितल्यास बघू". सेप्तीमच्या संकेतस्थळावर आमच्या आठवड्यातली एकही तारीख दिसत नाहीये.

दुसरं घर : चौकाकडे, पंखे दोन, मालकीणबाई स्वतः तिथे राहतात आणि त्या महिन्यात आईकडे ब्रिटनीला जाणार आहेत. नोंदणी क्रमांक आहे. मी मसाल्याचं विचारलं तर त्यांनी डब्यांच्या फळीचा फोटो पाठवला, त्यात हळद होती.

दुसरं घेतलं. नवरा दोन तास गप्प होता, मग शार्तिएचा मेनू वाचत बसला. भाड्यातून वाचलेल्या पैशांत तो आणि लेक एक दुपार कुठेतरी तारेवाल्या ठिकाणी जाणार आहेत, मी आणि सासूबाई त्या वेळात मंदिर आणि डोसा.

शेवटचा प्रश्न, कुकर नेऊ का? तीन लिटरचा आहे, अ‍ॅल्युमिनियमचा.

जिरेमोहरी
अ‍ॅल्युमिनियमचा मुळीच नको. शेगडी इंडक्शन असणार, तिच्यावर तो तापणारच नाही. स्टीलचा असेल आणि बुडाला चुंबक चिकटत असेल तरच न्या. आणि फोडणीच्या वेळी खिडकी उघडा. २०१५ पासून तिकडे प्रत्येक घरात धुराची घंटा सक्तीची आहे, मोहरी तडतडायच्या आत ती बोंबलते.

तळमजला
कुकर आणू नका, माझ्याकडे स्टीलचा जादा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी त्या आठवड्यात गावातच आहे. फक्त आलिग्रला सोमवारी जाऊ नका.